वाकेन, पण मोडणार नाही!

‘मोडेन, पण वाकणार नाही’ हे वचन आपल्याकडे करारी माणसाच्या कौतुकासाठी वापरले जाते. बारबेलच्या बाबतीत मात्र ते उलटे करून घ्यावे लागते. व्यायामशाळेत ज्याला सगळेजण सरळ ‘रॉड’ म्हणतात, तो पोलादी दांडा भरपूर वजन चढवून उचलला की थोडा वाकतोच, आणि तो वाकलाही पाहिजे. वजन खाली ठेवताच तो पूर्ववत सरळ झाला पाहिजे, एवढीच अट. वाकल्यावर जो वाकलेलाच राहतो, तो रॉड घरात ठेवण्याच्या लायकीचा नसतो. टिकाऊ बारबेल कोणता, या प्रश्नाचे निम्म्याहून अधिक उत्तर या एका फरकात सामावलेले आहे.

हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली आणि व्यायामशाळांना कुलपे लागली. महाराष्ट्रात ती कुलपे त्या वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडली. मधल्या सात महिन्यांत शहरांतील असंख्य कुटुंबांनी बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात, गच्चीवर किंवा मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत व्यायामाचे साहित्य मांडले. साथ ओसरली, तरी घरच्या घरी व्यायाम करण्याची ती सवय बऱ्याच जणांनी टिकवली. सुरुवातीला घाईघाईत घेतलेला स्वस्त रॉड आता अपुरा पडू लागला आहे. वजन वाढले आहे आणि नवा रॉड घेण्याची वेळ आली आहे. तो घेताना बहुतेक ग्राहक दोनच गोष्टी पाहतात. एक म्हणजे रॉड हातात किती जड लागतो आणि दुसरी म्हणजे तो किती चकाकतो. या दोन्हींचा टिकाऊपणाशी फारसा संबंध नाही.

व्यायामशाळेत आजूबाजूला माणसे असतात. बेंच प्रेस करताना रॉड छातीवर अडकला, तर कोणीतरी धावून येते. घरी आपण बहुधा एकटे असतो. पहाटे साडेपाचला घरातील मंडळी झोपलेली असताना छातीच्या किंवा मानेच्या वर साठ-सत्तर किलो वजन तोललेले असते, तेव्हा त्या वजनाचा सारा भरवसा दोन हातांवर आणि एका पोलादी दांड्यावर असतो. म्हणूनच घरच्या व्यायामशाळेत काटकसर करायचीच असेल तर ती बाकावर, आरशावर किंवा प्लेटवर करावी; रॉडवर करू नये.

टोस्टरच्या कारखान्यातला रॉड

आज ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांमध्ये दिसणारा रॉड आपल्याला सहज अभेद्य वाटतो. पूर्वी तशी स्थिती नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या स्पर्धांमध्येही रॉड वाकणे, प्रसंगी तुटणे ही नित्याची बाब होती. या अडचणीवर तोडगा निघाला तो स्वीडनमधील हाल्मस्टाड येथील एलिको या कारखान्यात. हा कारखाना मुळात व्यायामाच्या साहित्याचा नव्हताच. तेथे टोस्टर, वॅफल भाजण्याची यंत्रे अशी विजेवर चालणारी घरगुती उपकरणे तयार होत. तेथील एक कर्मचारी वेटलिफ्टिंग करणारा होता. रॉड सतत वाकतात, मोडतात, याला तो कंटाळला होता. चांगल्या स्वीडिश पोलादाचा रॉड आपणच का करू नये, असा प्रस्ताव त्याने मालकांपुढे ठेवला. १९५७ मध्ये त्या कारखान्याचा पहिला रॉड तयार झाला. पुढे १९६३ च्या स्टॉकहोम येथील जागतिक स्पर्धेत या कारखान्याचा एकच रॉड पहिल्या लिफ्टपासून शेवटच्या लिफ्टपर्यंत न वाकता टिकला. त्या काळी ही बातमी होण्याजोगी गोष्ट होती.

या रॉडची जाडी किंवा वजन काही अजब नव्हते. वीस किलोचा रॉड वीस किलोचाच राहिला. बदलले होते ते पोलाद आणि त्यावर केलेली उष्णताप्रक्रिया. आजही चांगला रॉड आणि वाईट रॉड शेजारी शेजारी ठेवले, तर वजनकाट्यावर ते सारखेच भरतील. फरक असतो तो आतल्या धातूत, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

ताठरता वेगळी, ताकद वेगळी

येथे शाळेत शिकलेली एक संज्ञा उपयोगी पडते. ती म्हणजे स्थितिस्थापकता. पोलादावर भार दिला की ते वाकते आणि भार काढला की मूळ आकारात परत येते. मात्र या परत येण्याला एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेपलीकडे गेला की धातू कायमचा वाकतो. ही मर्यादा किती वर आहे, यावर रॉडचे आयुष्य ठरते.

अनेकांची समजूत अशी असते की, चांगले पोलाद म्हणजे कमी वाकणारे पोलाद. ही समजूत चुकीची आहे. पोलाद स्वस्त असो वा महाग, त्याची ताठरता जवळजवळ सारखीच असते. दोन रॉडची लांबी आणि जाडी सारखी असेल, तर सारख्या वजनाखाली ते सारखेच वाकतील. मग एक साध्या लोखंडी सळईपासून केलेला असो आणि दुसरा उत्तम मिश्रधातूचा. ताठरता बदलते ती जाडीने, आणि तीही व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. म्हणजे २८ मिलिमीटरऐवजी २९ मिलिमीटर जाडीचा दांडा घेतला, तर एका मिलिमीटरच्या फरकाने ताठरता सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. उलट २५ मिलिमीटरचा दांडा घेतला, तर त्याची ताठरता २८ मिलिमीटरच्या दांड्याच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडी कमी भरते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, रॉड किती वाकतो यावरून त्याची जाडी कळते. तो सरळ होतो की नाही यावरून त्याची प्रत कळते. दुकानात रॉड गुडघ्याला टेकवून दाबून पाहणाऱ्या ग्राहकाला म्हणूनच काहीही कळत नाही.

आता थोडा हिशेब करू. पूर्ण लांबीच्या, २८ मिलिमीटर जाडीच्या रॉडवर दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास किलोच्या प्लेट लावल्या आणि हातांमध्ये सुमारे अर्धा मीटर अंतर ठेवून तो जमिनीवरून उचलला, तर दांड्यातील सर्वाधिक ताण ढोबळमानाने दर चौरस मिलिमीटरला १२० न्यूटन इतका येतो. बांधकामात आणि फॅब्रिकेशनमध्ये सर्रास वापरले जाणारे माइल्ड स्टील, ज्याला कारखान्यांत ‘एमएस’ म्हणतात, ते सुमारे २५० न्यूटनच्या ताणाला कायमचे वाकू लागते. म्हणजे वरवर पाहता पुरेसे अंतर दिसते. परंतु अभियांत्रिकीचा एक साधा नियम असा आहे की, हळूहळू ठेवलेल्या भारापेक्षा एकदम सोडलेला भार, तो उंचीवरून पडला नसला तरीही, दुप्पट ताण निर्माण करतो. झटक्याने उचललेल्या रॉडवर त्यामुळे ताण २४० पर्यंत जातो आणि माइल्ड स्टीलची मर्यादा जवळजवळ गाठतो. तोच रॉड हातातून सुटून रॅकच्या आडव्या दांड्यांवर आदळला, तर ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. चांगल्या उष्णताप्रक्रिया केलेल्या मिश्रधातूच्या रॉडची मर्यादा याच्या चौपटीच्या आसपास असते. स्वस्त रॉड शंभर किलो ‘पेलतो’ आणि तरीही वर्षभरात वाकडा होतो, त्याचे कारण हे आहे. शांतपणे उचललेल्या वजनाने रॉड सहसा बिघडत नाही. तो बिघडतो एखाद्या चुकलेल्या क्षणाने.

जाहिरातीतले आकडे

रॉडच्या जाहिरातीत दोन आकडे ठळकपणे दिलेले असतात. पहिला ‘पीएसआय’ म्हणजे पौंड प्रति चौरस इंच या एककातील ताणबल. धातू किती ताणाला तुटेल, हे त्यातून कळते. १,९०,००० पीएसआयच्या आसपासचा आकडा चांगल्या रॉडचा समजला जातो. मेट्रिक एककात तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे १,३१० न्यूटन होतो. मात्र हा आकडा तुटण्याचा आहे, कायमचे वाकण्याचा नाही. आपल्याला खरे तर दुसरा आकडा हवा असतो, आणि तो फार थोडे उत्पादक देतात. विक्रेत्याला तो विचारण्यात संकोच बाळगू नये. उत्तर मिळाले तर उत्तमच. मिळाले नाही, तरी विक्रेत्याला आपल्या मालाची कितपत माहिती आहे, याचा अंदाज येतो.

केवळ आकडा मोठा म्हणून रॉड चांगला, असेही समजू नये. पोलाद अधिकाधिक कठीण करत नेले तर ते ठिसूळही होऊ शकते. ठिसूळ धातू वाकण्याची पूर्वसूचना न देता तुटतो. उच्च ताकदीच्या पोलादावर विद्युत-प्रक्रियेने मुलामा देताना हायड्रोजन धातूत शिरून तो ठिसूळ बनण्याचा धोका असतो. जाणते उत्पादक मुलामा दिल्यानंतर रॉड ठरावीक तापमानाला भट्टीत ठेवून हा दोष घालवतात. कोपऱ्यावरच्या प्लेटिंगच्या दुकानातून जुना रॉड पुन्हा चकचकीत करून घेण्याचा मोह त्यामुळेच टाळलेला बरा.

दुसरा आकडा असतो ‘कमाल भारक्षमता’. अमुक रॉड ३०० किलो पेलतो, तमुक ५०० किलो, असे लिहिलेले असते. हा आकडा मोजण्याची सर्व उत्पादकांना लागू असलेली एकच पद्धत नाही. कोणी स्थिर भार मोजतो, कोणी अंदाज बांधतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या रॉडची तुलना या आकड्यावरून करता येत नाही. त्यापेक्षा रॉड कायमचा वाकल्यास बदलून देण्याची लेखी हमी किती वर्षांची आहे, हे पाहावे. हमीपत्रात ‘वाकणे’ हा शब्द स्पष्ट असावा. केवळ ‘उत्पादनातील दोष’ एवढेच लिहिलेले असेल, तर वाकलेल्या रॉडची जबाबदारी सहसा ग्राहकावर ढकलली जाते.

खोलीचे माप आणि रॉडचे माप

बाजारात मुख्यतः दोन जातींचे रॉड मिळतात. पहिली जात बारीक टोकांच्या साध्या रॉडची. त्याची टोके आणि मधला दांडा एकाच जाडीचे, साधारण एक इंचाचे असतात. तीन ते सहा फूट लांबीचे हे रॉड ‘होम जिम सेट’ म्हणून प्लास्टिकच्या आवरणातील प्लेटसह विकले जातात. दुसरी जात ऑलिंपिक मापाच्या रॉडची. याच्या दोन्ही टोकांना ५० मिलिमीटर व्यासाच्या फिरत्या नळ्या, म्हणजे स्लीव्ह, बसवलेल्या असतात. एका जातीच्या प्लेट दुसऱ्या जातीच्या रॉडवर नीट बसत नाहीत. म्हणून हा निर्णय पहिल्याच खेपेस विचारपूर्वक घ्यावा. अन्यथा पुढे रॉडबरोबर साऱ्या प्लेटही बदलाव्या लागतात.

ज्यांना केवळ हाताचे व खांद्याचे हलके व्यायाम करायचे आहेत आणि वजन तीस-चाळीस किलोपलीकडे न्यायचे नाही, त्यांना साधा रॉड पुरेसा आहे. त्यांनी उगाच मोठा खर्च करू नये. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट हे तीन व्यायाम गांभीर्याने करायचे असतील, तर ऑलिंपिक मापाच्या रॉडला पर्याय नाही.

या रॉडची मापे आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरलेली आहेत. पुरुषांच्या वेटलिफ्टिंगचा रॉड २० किलो वजनाचा, २.२ मीटर लांब आणि पकडीच्या जागी २८ मिलिमीटर जाड असतो. महिलांचा रॉड १५ किलो वजनाचा, २.०१ मीटर लांब आणि २५ मिलिमीटर जाड असतो. पॉवरलिफ्टिंगमध्ये सहसा २९ मिलिमीटरचा अधिक ताठ रॉड वापरतात. वेटलिफ्टरला रॉडची लवचिकता हवी असते, कारण त्या उसळीचा उपयोग करून तो वजन डोक्यावर नेतो. स्क्वॉट करणाऱ्याला हीच उसळी त्रासाची वाटते. घरी सगळेच व्यायाम थोडे थोडे करणाऱ्यांना २८ ते २८.५ मिलिमीटरचा रॉड सर्वांत सोयीचा.

आपल्याकडील सदनिकांचा विचार करता येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. दहा फूट रुंदीच्या खोलीत २.२ मीटरचा रॉड आडवा ठेवला, तर दोन्ही बाजूंना दीड फूटही जागा उरत नाही. भिंतीला कोपर न लावता प्लेट चढवणे आणि काढणे तेथे कठीण होते. १५ किलोचा रॉड सुमारे वीस सेंटिमीटरने आखूड असतो. तरीही दोन स्लीव्हमधील अंतर दोन्ही रॉडमध्ये सारखेच, म्हणजे १.३१ मीटर असते. आखूड असतात त्या फक्त स्लीव्ह. त्यामुळे तो त्याच रॅकवर व्यवस्थित बसतो. याउलट पाच-सहा फुटी ‘मिनी ऑलिंपिक’ रॉडमध्ये हे मधले अंतरच कमी केलेले असण्याची शक्यता असते आणि मग तो रॅकच्या दोन खांबांवर टेकतच नाही. लहान खोलीसाठी १५ किलोचा रॉड हा उत्तम मार्ग आहे. एकच काळजी घ्यावी. हा रॉड बारीक असल्याने तेवढ्याच वजनाखाली त्याच्यातील ताण २८ मिलिमीटरच्या रॉडपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक येतो. म्हणून येथे पोलादाच्या प्रतीबाबत तडजोड करू नये.

हा रॉड ‘बायकांचा’ म्हणून कमकुवत असे समजणाऱ्यांनी टोकियो ऑलिंपिक आठवावे. २०२१ मध्ये पार पडलेल्या त्या स्पर्धेत मीराबाई चानू यांनी ४९ किलो वजनी गटात क्लीन अँड जर्क प्रकारात ११५ किलो उचलले आणि एकूण २०२ किलोंसह रौप्यपदक मिळवले. ते वजन याच २५ मिलिमीटर जाडीच्या रॉडवर होते. त्याआधी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये, महिला वेटलिफ्टिंगचा प्रथमच समावेश झाला तेव्हा, कर्णम मल्लेश्वरी यांनी ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक जिंकले होते. घरात रॉड उचलणारी व्यक्ती स्त्री असेल, किंवा हाताचा पंजा लहान असेल, तर बारीक दांड्यावर पकड अधिक घट्ट बसते. घट्ट पकड ही स्वतःच एक सुरक्षा आहे.

फिरणारी टोके

रॉड वाकल्याने बाद होतो, तसा तो टोकांकडूनही बाद होतो. वजन उचलताना मनगट वळते, त्या वेळी प्लेट आपल्या जागी स्थिर राहाव्यात आणि दांडा मात्र फिरावा, यासाठी स्लीव्ह फिरत्या असतात. त्या अडकल्या, तर प्लेटचा सारा पीळ मनगटावर आणि कोपरावर येतो.

स्लीव्ह फिरण्यासाठी आत एकतर ब्राँझसारख्या धातूचे बुश असतात किंवा निडल बेअरिंग असतात. बेअरिंगवरची स्लीव्ह झरझर फिरते; स्नॅच, क्लीन अँड जर्क करणाऱ्यांना ती आवश्यक वाटते. बाकी सर्वांसाठी बुश पुरेसे आणि अधिक दणकट. त्यांत बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि धूळ-घाम त्यांना सहन होतो. महत्त्वाची बाब म्हणजे स्लीव्ह दांड्यावर कशी अडकवली आहे. चांगल्या रॉडमध्ये ती खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने, म्हणजे सरक्लिपने, पकडलेली असते. स्वस्त रॉडमध्ये टोकाशी एक बोल्ट दिसतो. स्लीव्ह फिरता फिरता हा बोल्ट सैल होत जातो आणि एखाद्या दिवशी प्लेटसह स्लीव्ह बाहेर येऊ लागते. टोकाकडे पाहताच बोल्टचे डोके दिसले, तर तो रॉड खाली ठेवावा. स्लीव्ह दांड्याला वेल्डिंग केलेली असेल, तरी तेच करावे.

पकड आणि गंज

दांड्यावर कोरलेल्या खरखरीत नक्षीला नर्लिंग म्हणतात. ते लेथवर काढले जाते. हात फिरवल्यावर ते सगळीकडे सारखे लागले पाहिजे. कोठे गुळगुळीत, कोठे टोचणारे असेल, तर उत्पादनातच निष्काळजीपणा झाला आहे असे समजावे. फार तीक्ष्ण नर्लिंग हौसेने घेऊ नये. तळहात सोलवटले की सरावच बंद पडतो. नर्लिंगमध्ये मधूनच दिसणाऱ्या गुळगुळीत रेघा शोभेच्या नसतात. दोन्ही हात मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवण्यासाठी त्या असतात. वेटलिफ्टिंगच्या रॉडवर या रेघांमध्ये ९१० मिलिमीटर आणि पॉवरलिफ्टिंगच्या रॉडवर ८१० मिलिमीटर अंतर असते.

मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी सर्वांत अधिक विचार करावा तो गंजाचा. समुद्रकाठची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि हातांचा घाम हे तिन्ही पोलादाचे शत्रू आहेत. नर्लिंगच्या खाचांत मीठ आणि ओलावा साठतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. मुलामा न दिलेला दांडा हाताला सर्वांत छान लागतो, पण सर्वांत लवकर गंजतो. काळ्या ऑक्साइडचा थर नाजूक असतो. जस्ताचा मुलामा सुरुवातीला चांगले संरक्षण देतो, परंतु वापराने झिजतो. कठीण क्रोमचा मुलामा दीर्घकाळ टिकतो. सिरॅमिकयुक्त रंगाचा लेप गंज उत्तम रोखतो, मात्र रॅकवर घासून त्याचे टवके उडतात. स्टेनलेस स्टीलचा रॉड या सगळ्यांत महाग. त्याला मुलाम्याची गरजच नसते. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या तुलनेने कोरड्या हवेत जस्ताच्या मुलाम्याने काम भागते. समुद्रकिनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी शक्य असल्यास क्रोम किंवा स्टेनलेस स्टीलच घ्यावे.

दुकानात काय पाहावे

जालंधर आणि मेरठ ही आपल्याकडील क्रीडासाहित्याची मोठी केंद्रे. भारतीय बनावटीचा रॉड परदेशी रॉडपेक्षा वाईटच असतो, असे नाही; तपासणी मात्र करावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

रॉड रॅकवर ठेवून मधला दांडा हाताने फिरवावा आणि टोकांकडे पाहावे. टोके वर-खाली डुलताना दिसली, तर दांडा वाकडा आहे. नवा रॉडही वाकडा निघू शकतो. नंतर प्रत्येक स्लीव्ह फिरवून पाहावी. ती न अडखळता फिरून हळूहळू थांबली पाहिजे. स्लीव्ह पुढे-मागे ओढून पाहावी. किंचित हालचाल चालते, खडखड चालत नाही. व्हर्नियर कॅलिपरने दांड्याची जाडी दोन-तीन ठिकाणी मोजावी. शेवटी रॉड वजनकाट्यावर ठेवावा. वीस किलो म्हणून विकलेला रॉड सतरा-अठरा किलो भरला, तर बाकीच्या दाव्यांवरही विश्वास ठेवायचे कारण उरत नाही. ऑनलाइन मागवलेला रॉड घरी येताच, वेष्टन टाकून देण्यापूर्वीच, या सर्व चाचण्या कराव्यात. पक्के बिल आणि हमीपत्र जपून ठेवावे.

जुना रॉड घेताना अधिक सावध असावे. बीडाच्या प्लेट जुन्या घ्यायला हरकत नाही. त्यांना तडा गेलेला नसला म्हणजे झाले. रॉडचा इतिहास मात्र त्याच्या अंगावर लिहिलेला नसतो. विशेषतः वाकलेला रॉड वर्कशॉपमध्ये प्रेसखाली सरळ करून विकला जाण्याची शक्यता असते. असा रॉड दिसतो सरळ, पण एकदा मर्यादा ओलांडलेल्या धातूत ताण दडून राहिलेले असतात. तो पुन्हा वाकेल तेव्हा आपण त्याच्याखाली असू, हे लक्षात ठेवावे.

घरी आणल्यानंतर

चांगला रॉडही वाईट वापराने अल्पायुषी होतो. स्क्वॉट अर्धवट राहिला की रॉड रॅकच्या आडव्या सुरक्षा-दांड्यांवर टाकण्याऐवजी त्यांच्यावर टेकवण्याची सवय लावावी. डेडलिफ्टनंतर वजन एका बाजूने आधी आपटू नये. फरशीवर जाड रबरी मॅट अंथरावी. त्याने रॉडही वाचतो आणि खालच्या मजल्यावरचा शेजारीही. व्यायाम संपल्यावर प्लेट उतरवून ठेवाव्यात. एका बाजूच्या सगळ्या प्लेट आधी काढल्या, तर दुसऱ्या बाजूच्या वजनाने रॉड उसळून उलटतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या आळीपाळीने काढाव्यात. प्रत्येक वेळी दोन्ही टोकांना लॉक लावावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरात एकटे असताना सुरक्षा-दांड्यांच्या रॅकशिवाय बेंच प्रेस करू नये. जगातील सर्वोत्तम रॉडही दमलेल्या हातांना मदत करत नाही.

देखभाल सोपी आहे. आठवड्यातून एकदा नायलॉनच्या ब्रशने नर्लिंगमधील घाम आणि पकडीसाठी वापरलेली खडूची पूड झाडावी. ही पूड ओलावा धरून ठेवते. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा, कापडावर शिलाई मशीनचे तेल घेऊन दांडा पुसावा आणि कोरड्या फडक्याने जादा तेल टिपून घ्यावे. स्लीव्ह आणि दांडा जेथे मिळतात, तेथे त्याच तेलाचे दोन थेंब सोडावेत. खोबरेल किंवा गोडेतेल वापरू नये. ते काही दिवसांत चिकट होते आणि धूळ धरते. पावसाळ्यात रॉड बाल्कनीत ठेवणे म्हणजे त्याला गंजाच्या स्वाधीन करणे होय.

दर दोन-तीन महिन्यांनी रॉड रॅकवर फिरवून पाहण्याची चाचणी घरीही करावी. टोके डुलू लागली, दांड्यावर बारीक आडवी चीर दिसली किंवा स्लीव्ह सैल झाली, तर त्या रॉडचा निरोप घ्यावा. पैसे गेल्याची हळहळ वाटेल. परंतु वाकडा रॉड हातात घेतला की तो स्वतःहून फिरून आपला बाक खाली आणू पाहतो, आणि तोही नेमका वजन वर असताना.

योग्य निवड केली आणि थोडी निगा राखली, तर प्लेट बदलतील, बाक बदलेल, कदाचित घरही बदलेल. रॉड मात्र तोच राहील. वडिलांनी वापरलेला रॉड पुढे मुलीने उचलावा, इतके आयुष्य चांगल्या पोलादाला असते. त्यासाठी विकत घेताना त्याची चकाकी न पाहता त्याची जाडी, टोके, वजन आणि सरळपणा पाहण्याची अर्ध्या तासाची तसदी घ्यावी लागते, एवढेच.